जाळायचं लाकूड, ठेवायचं लाकूड

बसण्याआधी बाबांनी खुर्ची उलटी केली. चारही पाय छताकडे, खुर्ची टेबलावर, आणि बाबा तिच्या पोटाखाली डोकं घालून सांधे बघत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला पाण्याचा ग्लास हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"स्क्रू मारलेत," बाबा म्हणाले. डॉक्टर ज्या आवाजात 'साखर निघाली' म्हणतात, त्या आवाजात.

"बाळ, खाली ठेव ती," आत्या म्हणाली. "आपण जेवायला आलोय. पोस्टमॉर्टेम घरी कर."

बाबा एकसष्ट वर्षांचे होते आणि त्यांना बाळ म्हणणारी ही एकच व्यक्ती जगात उरली होती. आत्याचा आवाज असा, की ती कानात कुजबुजली तरी रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवून वळून बघायचा. खुर्ची खाली आली. बाबा तिच्यावर बसले, पण पूर्ण भार टाकला नाही.

मुलगी बाबांच्या शेजारी बसली आणि तिने भट्टीकडे पाहिलं. विटांच्या घुमटासमोर लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन जो माणूस उभा होता, तो तिच्याकडे न बघण्याचा इतका कसून प्रयत्न करत होता, की त्याने खिडकीजवळच्या एकट्या गृहस्थांकडे ओळीने तीन पिझ्झे पाठवले होते. भुवईला राख, कोपरापर्यंत पीठ. या माणसाशी तिला लग्न करायचं होतं.

हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं असं नाही. महिन्याभरात तीनदा सांगितलं होतं. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून तिन्ही वेळा वर्कशॉपमध्ये, बाबा पाठमोरे उभे राहून रंधा मारत असताना. तिन्ही वेळा बाबा रंधा न थांबवता म्हणाले होते, "बघू."

हा 'बघू' तिने महिनाभर सगळ्या बाजूंनी तपासला. त्यात नकार नव्हता. होकार म्हणावा तर तोही नव्हता. शेवटी तिने ठरवलं, बाबा बघू म्हणतात ना, मग त्यांना प्रत्यक्ष बघू दे. रविवारी दुपारी बाहेर जेवायचंय, इस्त्रीचा शर्ट घाल, एवढं आत्याने बाबांना कळवलं होतं. लग्नाचं मात्र आत्या बोलायला तयार नव्हती.

"ते तुझं तू सांग. मी कशात पडत नाही," गल्लीतल्या निम्म्या भांडणांची पंच असलेली आत्या म्हणाली होती. "मुलगा चांगलाच आहे गं. पण लाकडं जाळतो. आपल्याकडे तीन पिढ्या खिळा ठोकायच्या आधी लाकडाची माफी मागतात."

आता बाबांनी मेनू हातात घेतला होता, पण नजर त्यावर नव्हती. भट्टीशेजारी भिंतीला लागून खांद्याएवढी लाकडं रचली होती. बाबा त्या रचलेल्या लाकडांकडे असे बघत होते, जसं कोणी गर्दीत शाळेतला वर्गमित्र दिसल्यावर बघतं.

"बाबा, काय मागवायचं?"

बाबा उठले आणि लाकडांकडे गेले.

त्यांच्या घराण्याची लाकूड पारखायची एक पद्धत होती. तुकडा कानाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ते बोलकं लाकूड. बद्द वाजलं तर मुकं, म्हणजे ओलं किंवा आतून कुजलेलं. बाबांनी वरचा ओंडका उचलला, कानाशी नेला, डोळे मिटले, वाजवला आणि मान डोलावली.

"काका, काही हवंय का?" फावडं हातात तसंच धरून तो पुढे आला.

"बघू," बाबा म्हणाले आणि ओंडका उजवीकडे ठेवला. "ही ठेवायची. डावीकडची जाळायची."

दहा मिनिटांत उजवीकडचा ढीग गुडघ्याएवढा झाला. डावीकडे दोनच वस्तू होत्या, त्यातला एक झाडूचा दांडा होता. खिडकीजवळच्या गृहस्थांनी तिसरा पिझ्झा तसाच ठेवून आपली खुर्ची उचलून आणली आणि बाबांना नम्रपणे विचारलं, हिचंही जरा बघाल का. त्यांच्यामागे आणखी एक जोडपं खुर्च्या घेऊन उभं राहिलं. भट्टीतला जाळ बसत बसत निखाऱ्यांवर आला. तेवढ्यात जो पिझ्झा बाहेर निघाला तो दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसासारखा दिसत होता, पांढरा आणि नाराज.

मुलगी भट्टीपाशी गेली.

"आच उतरली," तो हळू आवाजात म्हणाला. "सात टेबलं थांबलीत."

"मग घे ना ओढून त्यांच्या हातातून."

"सासऱ्याच्या हातातून?"

"अजून झाले नाहीत ते सासरे."

"म्हणून तर."

तो उजव्या ढिगाशी उकिडवा बसला. काहीतरी उचलायला हवं म्हणून त्याने वरचा ओंडका उचलला आणि सवयीने पेराने वाजवला.

बद्द.

त्याने दुसरा घेतला. तोही बद्द. तिसरा खणकन वाजला. चौथा असा वाजला, की जणू कोणी उशीवर बुक्की मारली. दोन हात लांब उभ्या असलेल्या तिलाही ते स्पष्ट ऐकू आलं. आणि तिकडे बाबा एकामागून एक ओंडका कानाशी धरत होते, डोळे मिटत होते, वाजवत होते, मान डोलावत होते. कुजक्यालाही तीच मान, सुक्यालाही तीच.

वर्कशॉपची घंटा बिघडलीय, असं बाबा वर्षभर सांगत होते. तिने ती दोनदा बदलून आणली होती. दुकानदार दोन्ही वेळा म्हणाला होता, अहो, ही चांगली वाजतेय की. आत्याचं बोलणं तेवढं बाबांना नेहमी ऐकू जायचं, पण आत्याचं बोलणं न्हाव्यालाही ऐकू जायचं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. मग तो उठला, बाबांच्या बरोबर समोर जाऊन बसला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"काका, या वरच्या पंख्यापायी मला इथे काही ऐकू येत नाही. कान कामाचे नाहीत. मी हातानं बघतो."

त्याने एक ओंडका डाव्या हातात टोकाशी सैल धरला आणि दुसऱ्या ओंडक्याने त्यावर ठोका दिला. मग दोन्ही बाबांच्या हातात दिले.

"असं. झिणझिणी मनगटापर्यंत आली तर सुकं. पंजातच राहिली तर मुकं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा शुक्रवारपासून बंद होता. त्याची तिन्ही पाती सगळ्यांना दिसतील अशी गप्प उभी होती आणि एका पात्यावरून दुसऱ्या पात्यावर कोळ्याने धागा टाकायला घेतला होता. बाबांनी धागासुद्धा पाहिला असणार. पाव मिलिमीटरचा फरक त्यांना अजून नुसत्या डोळ्यांनी कळायचा.

"फार आवाज करतो खरा," बाबा म्हणाले.

"कुठला पंखा?" आत्या टेबलावरून म्हणाली. "अरे, तो तर—"

"आत्या, तुझा पिझ्झा गार होतोय," मुलगी म्हणाली.

"आलाय कुठे अजून?"

"येईल तोवर होईल."

बाबांनी ठोका दिला. थांबले. पुन्हा दिला. मग मनगटाकडे असे बघत राहिले, जणू कोणी तिथे नवीन घड्याळ बांधलंय. त्यांनी उजव्या ढिगातला पहिला ओंडका घेतला, ठोकला आणि बाजूला फेकला. दुसरा ठोकला आणि समोर धरला.

"हे घे. हे जळेल चांगलं."

मघापर्यंत बाबा त्याला नुसतं 'बघू' म्हणत होते, त्यात हे 'घे' कधी शिरलं ते तिला कळलंच नाही. तो ओंडके भट्टीत सरकवत गेला, बाबा देत गेले. जाळ आधी कुरकुरला, मग उभा राहिला, मग घुमटाला लागून मागे वळला. खुर्च्या घेऊन उभे असलेले लोक खुर्च्यांसकट आपापल्या टेबलांकडे परतले. शेवटी एक तुकडा उरला, गडद, वळणदार रेषांचा.

"हे अक्रोड आहे," बाबा म्हणाले. "हे भट्टीत गेलं तर मी तुला ओळखत नाही."

"न्या काका घरी."

पिझ्झा आला तो कडेला काळे फोड आलेला, फुगलेला, खुशीत. आत्याने पहिला घास घेतला आणि तब्बल दीड मिनिट एक अक्षर बोलली नाही. रस्त्यापलीकडून न्हावी काळजीने डोकावून गेला.

मुलीने आपली खुर्ची बाबांच्या शेजारून उचलली आणि त्यांच्या समोर आणून ठेवली. इतकी समोर, की टेबलाखाली गुडघे टेकले. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. असं बघून सांगणं पाठीला सांगण्यापेक्षा दहापट अवघड होतं.

"बाबा, मला याच्याशी लग्न करायचंय."

बाबांचा घास तोंडातच थांबला.

"कोणाशी? या भट्टीवाल्याशी?"

"हो."

"कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. "आणि मला आज सांगतेस? मला वाटलं, तू नुसतं जेवायला आणलंयस."

तीनदा सांगितलंय, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. तिन्ही वेळा तुम्ही बघू म्हणालात, तेही आलं. समोर बाबा होते. दुखावलेले, हनुवटीला टोमॅटो लागलेले, आणि उत्तरासाठी तिच्या ओठांकडे फार लक्ष देऊन बघणारे.

"वर्कशॉपमध्ये पंख्याचा आवाज फार असतो, बाबा," ती म्हणाली.

"वर्कशॉपमध्ये पंखा कुठाय?" आत्या म्हणाली. दोन टेबलांवरचे लोकही विचारात पडले.

बाबांनी बोटं एकेक करून रुमालाला पुसली. भट्टीकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा होता आणि भट्टीत जाणारा प्रत्येक ओंडका आधी ठोकून हातानं बघत होता.

"एक बसवायलाच हवा," बाबा म्हणाले. "त्याला विचार, सोमवारी मोकळा आहे का."