दहा ते एक

माझे धाकटे दीर घराच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवतात. एकेक दात मेणात नीट लावायचा, तर दर पाच मिनिटांनी कुठल्यातरी दवाखान्यातून फोन, "झाली का?" एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा भावजी डोकं धरून बसले.

मी म्हटलं, "भावजी, उद्यापासून दहा ते एक फोन माझ्याकडे."

"अहो वहिनी, डॉक्टर दातओठ खातील!"

"खाऊ देत. त्यांचे दात शाबूत आहेत."

पहिल्या दिवशी त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. दोनदा दारापर्यंत आले आणि माझा चेहरा बघून निमूट मागे फिरले. नंतर मात्र खोलीतून हूं की चूं नाही.

एक वाजता बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "किती फोन?"

"अकरा. नऊ जणांना कधी होणार एवढंच हवं होतं, ते मीच सांगितलं. दोघं दुपारी करतील."

"दोनच?" भावजी खुर्चीत सैलावले. आजोबांच्या कवळीचे सगळे दात लागले होते.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, कवळी अगदी चपखल बसली. तो ऐकून भावजींनी कित्येक महिन्यांनी शीळ घातली.