इंजन थंड व्हईस्तोर

दारापुढं गाडी आली तवापून घुरघुर, घुरघुर! च्या झाला, ओवाळणं झालं, जेवणाची ताटं उचलली, तरी दादा काई ती बंद करंना. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

ती भाऊबीज विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या दिवाळीतली. मपला थोरला भाऊ सटवाजी चारठाण्याहून बोरीला आमच्या घरी आला, ते ट्रकच घेऊन. दोन सालाखाली त्यानं परभणीत एका दलालाकून तो जुना ट्रक घेतला व्हता, टर्बोचा. तो आता आमच्या पोराला, सितारामला द्यायचा आन् बदल्यात आमची सगळी मेंढरं न्यायची, असं दादाचं आन् सितारामच्या बाबाचं ठरलं व्हतं. सितारामनं आजवर दुसऱ्याच्याच गाड्या हाकल्या, आता त्याला स्वतःची पाहिजे व्हती. पोराचं काई चुकत नव्हतं. पण मेंढरं म्हंजे आमचं सगळं घर. ती गेली आन् ही गाडीबी बसली, तर आमी खावं काय, माती?

दादाच्या संगं सूर्यभान नावाचा त्याचा माणूस व्हता. तो जेवल्याबरोबर काठी घेऊन मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी जाऊन हुबा राह्यला. जशी काई जनावरं त्याच्या बापाचीच!

"दादा, ती गाडी बंद कर की रं," म्या म्हनलं. "कानठळ्या बसायल्यात."

"आगं येडे, टर्बोची गाडी हाय ती. झटक्यानं बंद करत नसतेत. टर्बोला निवायला येळ द्यावा लागतो."

"किती येळ?"

"तुला काय कळायलंय त्यातलं? सुपारी दे."

मी आत गेले. सिताराम मागून चुलीपाशी आला आन् हळूच बोलला, "माय, मामा खरं बोलायलेत, पण अर्धंच. टर्बोला घडीभर लागतं, एवढा येळ न्हाई. जुनी गाडी घ्यायची तर इंजन थंड असताना चालू करून बघावं लागतं. किती खेपांत धरतंय, धूर निळा निघतो का, ते तवाच कळतं. टर्बोचा पाईप काढून आत बोट घालून बघावं, तेल गळतंय का, पंखा ढिला हाय का. गरम इंजन सगळं झाकून टाकतं."

"मग बघ की! तोंड शिवलंय का तुझं?"

"मामाला कसं म्हणू, माय? इस्वास न्हाई म्हनल्यावानी व्हतंय."

पोराचंबी खरंच. भाऊबीजेला भावानं लुगडं आणलं, तर आपण काय उजेडात धरून भोकं बघतो का? सितारामच्या बाबाला म्हनलं, तुमी तरी बोला. तर ते म्हणे, "तुझा भाऊ हाय, तूच बोल." मोठे शहाणे! दादापुढं यांची वाचाच बसती.

मी आत गेले, भायेर आले, पुन्हा आत गेले. भरलेला हंडा भरायला निघाले. भायेर ती घुरघुर चालूच, जीव कशात लागंना. तेवढ्यात बघते तर सूर्यभाननं जाळीची दोरी सोडलेली, पुढची मेंढी भायेरबी निघाली.

माझं टाळकंच सरकलं. काष्टा आवळला, ट्रकच्या पायरीवर पाय दिला आन् चढले वर. पोराच्या भाकरी घेऊन मी कैकदा गाडीपाशी गेलेली, कोणता दट्ट्या वढला की इंजन बंद पडतं ते मला ठाऊक व्हतं. दिला वढून. घुरघुर थांबली आन् समदे माझ्याकडं बघायला लागले.

"कासे! उतर खाली!" दादा वरडला.

"न्हाई उतरत. इंजन थंड व्हईस्तोर मी हितंच बसणार. आन् सूर्यभान, ती मेंढी आत घाल, न्हाईतर तुझी काठी तुझ्याच टाळक्यात घालीन."

दादा आधी हसला. मग समजूत काढायला लागला. मग भडकला. "माझ्यावर इस्वास न्हाई तुला? बरं. माहेर तुटलं म्हण आजपून."

माय-बाप गेल्यावर माझं माहेर म्हंजे तोच की! वाटलं, उतरावं, जाऊ द्यावी मेंढरं, मसणात जाऊ दे समदं. एकडाव पाय खालीबी सोडला. मग पुन्हा वर घेतला. बूड काई सीटवर ठरंना. घडीघडीला बाजूच्या इंजनाच्या झाकणावर हात ठिवून बघायची. आधी तव्यावानी चटका, मग ऊन, मग कोमट. शेजारणी येऊन बघून गेल्या. दिवस कलला. दादा लिंबाखाली येरझारा घालायलेला, माझ्याकडं बघत नव्हता.

झाकण गार लागलं तसं म्या हाक मारली, "सितारामा, ये आता."

त्यानं चावी फिरवली. इंजन नुसतं कण्हलं, धरंना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. लय खेपा केल्या तवा कुठं धरलं, आन् मागून असा निळा धूर निघाला की जाळीतली मेंढरं खोकायला लागली. सितारामनं इंजन बंद केलं, खाली उतरून टर्बोचा पाईप सोडला, आत बोट घातलं. बोट तेलानं काळं झालेलं. त्यानं ते मामाला दावलं न्हाई, गपचीप धोतराच्या चिंधीला पुसलं.

दादा तिथंच धुळीत बसला. "मलाबी फसवलं गं त्या दलालानं. हार घालून, नारळ फोडून, चालू इंजनाचीच गाडी दिली माझ्या ताब्यात."

"मग बाजारात इकायची! आमच्याच गळ्यात कामून?"

"बाजारात लोकं तपासून घेतेत, कासे," मान खाली घालून तो म्हनला. "तू तपासणार न्हाईस, म्हणून तुझ्याकडं आणली."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून शिव्या तोंडापर्यंत आल्या व्हत्या. एकबी भायेर पडली न्हाई. रडू कोसळलं ते थांबंना. कारण त्याचं खरंच व्हतं. आजवर त्यानं आणलेलं काईच म्या तपासून घेतलं नव्हतं. नवरासुदिक त्यानं बघितला, म्हणूनच केला व्हता.