वरच्या मजल्यावरचा घोडा

मी ईझल बोलतोय. चित्र काढताना कॅनव्हास ज्याच्यावर उभा करून ठेवतात, तो तीन पायांचा लाकडी घोडा म्हणजे मी. घोडा आपला नावालाच. छत्तीस वर्षांत या खोलीतून त्या खोलीत, एवढाच माझा प्रवास.

मला एका सुतारानं घडवलं. आमच्या चित्रकाराचा तो मामा. दारं, खिडक्या, जिने करणारा माणूस; ईझल त्यानं कधी पाहिलाही नव्हता. भाच्यानं कागदावर आकृती काढून दिली आणि एका जिन्याच्या उरलेल्या लाकडातून मी उभा राहिलो. पुढे एकदाच मामा आमच्याकडे आला. माझ्यावर एक मोठं चित्र होतं, नुसतं करड्या आणि गेरू रंगाचं. मामानं ते मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून माझे स्क्रू तपासले, एक आवळला आणि म्हणाला, "घोडा छान टिकलाय हो." चित्राबद्दल तो काही बोलला नाही. चित्रकाराला हसू आलं.

सुरुवातीला चित्रकार माणसं काढायचा. मग माणसांचे चेहरे गेले, झाडं गेली, घरं गेली. उरले ते रंगांचे पट्टे आणि त्यांना कापत जाणारी एक लांब, सरळ रेघ. ती रेघ तो एका दमात ओढायचा, पट्टी न लावता. त्या रेघेसाठी दोन-दोन दिवस नुसता समोर उभा राहायचा.

त्याचं लग्न ठरता ठरता राहून गेलं. धाकटी बहीण दुसऱ्या गावी असते, आठवड्यातून एकदा फोन करते. बाकी या खोलीत बोलणारं कुणी नाही. मी ऐकतो, पण ते त्याला कुठे माहीत?

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी त्याची रेघ थरथरली. त्यानं ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. ब्रश खाली ठेवून तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. नंतर त्यानं रंग झाकून ठेवले. ते अर्धं चित्र तीन महिने माझ्यावर तसंच राहिलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, बहिणीलाही नाही.

तिनं मात्र वेगळाच घाट घातला. आमच्या गावातले चित्रकार एका रविवारी आपापले स्टुडिओ लोकांसाठी उघडे ठेवणार होते, त्यात तिनं याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

"दादा, माणसं बघितली नाहीस तर बोलायचं विसरशील," ती फोनवर म्हणाली.

"मी काय बोलणार लोकांशी?"

"काही नको बोलूस. दार तेवढं उघडं ठेव."

चार दिवस तो झाडलोट करत होता. जुनी चित्रं भिंतीला लावली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळी नऊलाच दार सताड उघडून बसला.

अकरापर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एक माणूस डोकावला, तो पाण्याची टाकी शोधत होता. त्यानंतर थोडी माणसं आली. हळू आवाजात बोलली, भिंतीच्या कडेकडेनं फिरली, "छान आहे" म्हणून जिना उतरली. प्रत्येक वेळी आमचा चित्रकार खुर्चीतून अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा.

दुपारी दोन मैत्रिणी आल्या. त्यांना माझ्यावरचं चित्र आवडलं.

"काका, जरा बाजूला होता का? आणि आमचा एक फोटो काढा ना."

तो बाजूला झाला. त्यानं फोन हातात घेतला. मुलीनं फोटो पाहिला आणि सहज म्हणाली, "हात हलला, काका."

"हो," तो म्हणाला, "हलतो."

त्यांनी आपला आपण फोटो काढला आणि आभार मानून निघून गेल्या. तो दार लावायला उठला. अजून उन्हं होती, वेळही बाकी होता, पण तो उठला.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्स. कामावर निघालेल्या, खांद्याला पिशवी. सात वर्षं एका इमारतीत राहून दोघांची जिन्यातली मान हलवण्यापुरतीच ओळख.

"येऊ का? मला चित्रातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी आवाजाची चौकशी करायला आलेय."

"त्रास होतो का तुम्हाला?"

"होत नाही, म्हणूनच आलेय. चार पावलं मागे, मग थांबायचं, मग चार पुढे. रोज ऐकू यायचं. माझं जेवण त्या पावलांच्या सोबतीनं व्हायचं म्हणा ना. तीन महिने झाले, काहीच नाही. आजारी आहात का?"

चित्रकार त्यांच्याकडे वळला. त्यानं नुसता उजवा हात पुढे केला.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मनगट धरलं. कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, पेला धरता येतो का, एकेक विचारत गेल्या.

"घरी कुणाला सांगितलंय?"

"तुम्हालाच सांगतोय."

त्यांनी डॉक्टरांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. निघायला उशीर होत होता, तरी त्या खुर्चीत बसल्या आणि माझ्यावरचं अर्धं चित्र पाहत राहिल्या. वीसेक मिनिटांनी त्या उठल्या. "उद्याच जा," एवढंच म्हणाल्या.

तो गेला. औषधं सुरू झाली. कंप कमी झाला, थांबला नाही. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला मनाई केली. आता तो खिडकीपाशी टेबलावर, बसून, छोट्या कागदांवर काम करतो. रेघ थरथरते आणि तो ती पुसत नाही. कधीमधी खालच्या बाई येतात, घटकाभर बसतात. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण मला कोपऱ्यात सरकवलंय. एखादं चित्र पूर्ण झालं की तो ते माझ्यावर ठेवतो, लांबून पाहतो आणि उचलून नेतो. चित्रं माझ्याकडे आता वाळलेली येतात. ओल्या रंगाचा वास, पहिल्या फटकाऱ्याचा धक्का, यातलं काही माझ्या वाट्याला येत नाही.

माझी तक्रार नाही, एक मागणं आहे. कधी तुमच्या ओळखीत कुणी नव्यानं चित्र काढायला लागलं, तर आमच्या चित्रकाराकडून मला मागून न्या. तो नाही म्हणणार नाही. माझे पाय अजून भक्कम आहेत. फक्त माझ्यावर एक कोरा कॅनव्हास ठेवा आणि त्याच्यासमोर कुणाला तरी उभं करा.