नववी सही

एलेउतेरियोच्या सहीखालचा तो फराटा... तीन वळसे, आणि शेवटी वर उडवलेली शेपटी. कॉलेजात असतानाच त्यानं तो बसवला होता, वहीची पानंच्या पानं भरून, आणि शेजारी बसून शाई पुरवत होतो तो मी — हो, मीच. असं मनाशी म्हणत न्यायमूर्ती अनास्तासियोनं कागद दूर सरकवला. ताप उतरला होता, पण तोंड अजून कडूच होतं.

आठ सह्या झाल्या होत्या. सामार बेटावरच्या एका नावाड्यानं मुकादमाला कोयत्यानं तोडलं, त्याची फाशी. आणि फाशीला नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताचे लागतात, एक जरी नाही म्हणाला तरी जन्मठेप. म्हणून कागद आजाऱ्याच्या घरी आला होता. निकालपत्र तेयोचं — त्याच कोर्टातल्या न्यायमूर्ती एलेउतेरियोचं. अमेरिकन न्यायमूर्तींनीही मान डोलवावी असं इंग्रजी. आपण अजून मनात स्पॅनिश जुळवतो आणि मग ओढत इंग्रजीत आणतो... पुढचा मुख्य न्यायमूर्ती तोच, असं मनिलाभर बोललं जात होतं.

त्याची बायको रोसेंदा गरम चॉकलेटचा पेला घेऊन आली. "झाली का सही? कोर्टाचा माणूस खाली ताटकळलाय."

"वाचतोय."

"तिसऱ्यांदा? तेयोभावजींचं लिहिणंच तसं, वाचत राहावं."

"मग तूच कर सही!"

"जळा अजून," ती हसत वळली, "ताप परत चढेल."

खुनाच्या आदल्या दिवशी मुकादमानं नावाड्याला त्याच्या बायकोदेखत वल्ह्यानं बडवलं होतं. तेयोनं ते एका वाक्यात उरकलं होतं. पहिल्या वाचनात आपल्यालाही ते पुरेसं वाटलं होतं — मग आताच ते वाक्य का टोचतंय? दया आली म्हणून, की ते तेयोनं लिहिलंय म्हणून?

त्यानं टाक उचलला आणि लिहिलं : मला मान्य नाही. लिहिताच आत काहीतरी सुखावलं, लहान मुलासारखं. डोळ्यांपुढे तेयोचा पडलेला चेहरा आला; नावाड्याचा येईना. आता कारणं लिहायची, तर सुरुवात आरोपीच्या नावानं — आणि तीनदा वाचूनही ते त्याला आठवेना.

पानं उलटावी लागली. पेलाजियो दाकूत. पेलाजियो... तो नाव पुटपुटत राहिला. त्या माणसापुढे त्याला मनापासून लाज वाटली, आणि तेयोचा हेवा मात्र तसूभरही हलला नाही. दोन्ही पोटात घेऊन त्या नकाराखाली सही करता येते का, ते त्याला कळेना. टाकावरची शाई सुकत चालली होती.