नऊ तक्रारी आणि एक कुत्रा

मेमधल्या सेंट जॉर्जच्या सणाचं कोकरू पोटात पचतंय न पचतंय, तोच गेन्चोची तक्रार गावच्या कचेरीत पोचायची. मजकूर दरवर्षी तोच: शेजारीण पेन्का हिच्या मात्सा नावाच्या मांजरीने माझ्या शारो कुत्र्याच्या अंगावर पिसवा सोडल्या, सबब मांजर गावाबाहेर काढावी.

त्याच संध्याकाळी फाटक आपटत पेन्का यायची. हातात बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या भाजणीचं ताट, कारण उपाशीपोटी भांडणं तिला जमत नसे. मग अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत. गेन्चो निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून त्याच्या घरात एवढा आवाज वर्षातून तेव्हाच व्हायचा. हे भांडण त्याला जिवापाड प्रिय होतं, पण जीव गेला तरी त्याने ते कबूल केलं नसतं.

नवव्या वर्षी मात्र घात झाला. शारोला रेबीजची लस टोचायला गेन्चोकडे आलेल्या जनावरांच्या डॉक्टर इवेलिनापुढे पेन्काने मांजर ठेवली, आणि बाजूला कचेरीतून आणलेल्या नऊही तक्रारी.

"एक जरी पिसू सापडली तर मांजर बहिणीकडे पाठवते," ती म्हणाली.

डॉक्टरने बारीक फणीने मांजर आणि कुत्रा दोघांनाही विंचरलं. एकही निघाली नाही.

"पिसवांनी कुत्रा शेपटीच्या मुळाशी खाजवतो," डॉक्टर म्हणाली. "हा पंजे चाटतोय. कान लाल, पोट लाल. मांजरीच्या मानेवर खपल्या, पोटावरचे केस चाटून साफ. दोघांचं दुखणं एकच दिसतंय. कधीपासून आहे?"

"तारखा यांच्याच हातच्या आहेत, वाच की गं," पेन्काने गेन्चोकडे बोट दाखवलं.

डॉक्टरने कागद चाळले. प्रत्येक तक्रार मेच्या पहिल्या आठवड्यातली. यंदाची सोडून प्रत्येकीला टाचलेली चिठ्ठी, 'तक्रार मागे घेत आहे', ऑक्टोबर अखेरची. तेव्हा पेन्काच्या अंगणात आलुबुखाराची दारू गाळली जायची आणि गेन्चोला घोटभर हवी असायची.

"थंडीत खाज नाही. ही गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी. दोघं लोळतात कुठे?"

पेन्काने नुसती भुवई उचलली. गेन्चोच्या अंगणातलं गवत कमरेएवढं वाढलं होतं.

"नऊ वर्षं साप साप म्हणून भुई धोपटली," ती म्हणाली. "विळा शोधून देऊ का, गेन्चोराव?"

"गवत माझं, कुत्रा माझा. तुम्ही नाक खुपसू नका, पेन्काबाई," गेन्चो पुटपुटला.

डॉक्टरने गोळ्या दिल्या, गवत कापायला सांगितलं, आणि बाहेरून आला की कुत्र्याचे पंजे ओल्या फडक्याने पुसायलाही.

पुढच्या वर्षी सण झाला. अंगण भादरलेलं, शारो पाय ताणून घोरत पडलेला. गेन्चो कागद घेऊन बसला होता.

"जरा खाजव की रे," त्याने कुत्र्याला विनवलं. शारोने कूस बदलली.

'शेजारीण पेन्का हिच्या' एवढं लिहून पेन अडलं. गेला महिनाभर रोज स्वतःच्या हाताने शारोचे पंजे पुसल्यावर खोटं तरी काय लिहायचं? आता घर वर्षभर गप्पच राहणार, या विचाराने त्याला रडू येईलसं झालं.

तेवढ्यात फाटक आपटलं. पेन्काच्या हातात ताट होतं आणि ताटावर कागद.

"सकाळी कचेरीत दिलेल्या तक्रारीची नक्कल आहे. मोठ्याने वाचा."

"'शेजारी गेन्चो याने गवत कापल्यामुळे माझ्या मांजरीची झोपायची जागा गेली. ती दिवसभर माझ्या उशीवर बसते. सबब...'" गेन्चोने कागद उलटून पाहिला. "सबबच्या पुढे काहीच नाही."

"ते भांडून ठरवू," पेन्का खुर्ची ओढत म्हणाली. "आधी खा, गार होतंय."