दोन पिंपं साली

गल्लीच्या तोंडाशी फलक लागला तेव्हा मी सायकलवरून उतरून तो दोनदा वाचला. 'हरित रोजगार व लोकसहभाग मेळावा, मे २००४. खास आकर्षण: खरकट्यावर चालणारा गॅस. संकल्पना आणि रचना: वरद आगाशे.'

वरद आमच्या गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी. त्या गॅसच्या टाकीत त्याचा हात एवढाच, की तिचा हिरवा रंग त्यानं निवडला होता. बाकी सगळं मी आणि सुरय्याचाचीनं केलं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली, नोकरीच्या शोधात. चाची आमच्या समोरच्या घरात एकटी राहणारी, नवरा कुवेतला. तिच्या अंगणात आम्ही प्लॅस्टिकच्या दोन टाक्या बसवल्या, एकीत दुसरी उपडी. खालच्या टाकीत शेण-पाण्याचा काला, त्यात रोज वाडगाभर शिळा भात नाहीतर कुस्करलेल्या साली. जंतू ते खातात, गॅस तयार होतो आणि वरची टाकी हळूहळू उचलली जाते. थंडीपासून चाचीचा चहा आणि कालवण त्याच गॅसवर होत होतं.

मेळाव्यात सगळ्या गल्लीसमोर शेगडी चाचीनं पेटवायची आणि अशा टाक्यांचं काम देणाऱ्या संस्थेच्या पाहुण्यांना पहिला चहा तिनंच द्यायचा, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं. नवऱ्यानं पाठवलेले सोनेरी काठाचे कप तिनं त्यासाठी बाहेर काढून धुऊन ठेवले होते. मग वरद येऊन सांगून गेला की शेगडी निवेदिका पेटवील, फोटोत ते बरं दिसतं. चाचीनं तेवढा वेळ घरात बसावं, अंगणात गर्दी नको.

"माझ्या अंगणात मीच गर्दी," चाची म्हणाली आणि तिनं कप पुन्हा कागदात गुंडाळले.

मी फलकाबद्दल विचारायला गेले तेव्हा वरद हसला. काम समाजाचं आहे, नाव कुणाचं का असेना, असं म्हणाला. मग कुणाचंही चालत असेल तर आमचं का नाही, असं मी विचारलं.

"तू आज आहेस, उद्या लग्न करून जाशील," तो म्हणाला. "नाव टिकणाऱ्या माणसाचं लावावं."

मेळाव्याच्या दोन दिवस आधी कॅनिंगच्या कारखान्यातून टेंपो आला. त्यातून दोन पिंपं उतरली, आंब्याच्या साली आणि चोथ्यानं काठोकाठ भरलेली. वरची टाकी स्टेजवरून दिसेल इतकी उचलली गेलेली वरदला हवी होती. सगळं आत टाका, असं चाचीला बजावून तो मांडववाल्याकडे गेला. चाचीनं मला हाक मारली.

टाकीत दोन प्रकारचे जंतू असतात. काही खाण्याचं आम्ल करतात, ते चपळ. काही त्या आम्लातून जळणारा गॅस काढतात, ते संथ. गोड खाणं एकदम पडलं की चपळ जंतू माजतात, काला आंबट होतो आणि संथ जंतू काम थांबवतात. टाकी तरीही वर जाते, नेहमीपेक्षा जास्तच जाते. पण आत भरतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यानं आग विझते. होळीच्या सुमारास मी हे वरदला चाचीसमोरच समजावलं होतं. तो मोबाइलवर बोलता बोलता मान हलवत होता.

"टाकू?" चाचीनं विचारलं.

मी तिला सांगितलं की सगळं टाकलं तर शेगडी काही आठवडे पेटणार नाही. तिनं पिंपांकडे पाहिलं, मग फलकाच्या दिशेला पाहिलं.

"रॉकेल आहे घरात," ती म्हणाली आणि तिनं घमेलं उचललं. दुसरं मी उचललं.

संध्याकाळी वरद चौकशीला आला. टाकी भरेल, एवढंच मी सांगितलं. ते अगदी खरं होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी काल्यात निळा लिटमस बुडवला. तो लगेच लाल झाला. टाकी इतकी वर आली होती की लोक कंपाउंडबाहेरून बोट दाखवत होते. रस्त्यावर कागदी पिशव्यांची, गांडूळखताची, सौर चुलीची टेबलं लागली होती. वरदनं भाषणात गल्लीतल्या मुलांना अशा टाक्या बांधण्याचं काम मिळेल असं सांगितलं आणि 'माझी टाकी' असं तीनदा म्हणाला.

निवेदिकेनं काडी ओढली. विझली. दुसरी विझली. वरदनं लायटर पुढे केला. बर्नरमधून फुस्स झालं आणि तोही विझला. आंबट वास पसरला.

"थंड चहा देताय काय?" रिक्षावाला केरू मागून म्हणाला. लोक हसले.

पाहुण्यांनी वरदला कारण विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मनस्विनी, जरा बघ ना."

"रचना तुमची आहे, वरददादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "फलकावर लिहिलंय. तुम्हीच सांगा."

तो नळीबद्दल बोलला, दमट हवेबद्दल बोलला. पाहुणे जाणकार निघाले. रोज किती खाणं घालता, काला आंबट झालाय का, असं एकेक विचारत गेले. प्रत्येक प्रश्न मी चव घेत ऐकला. चाचीनं घरातून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ, शेगडी पेटली तरच गल्लीला काम देऊ, असं सांगून पाहुणे गेले.

रविवारी सकाळी वरद माझ्या दारात उभा. उपाय आहे, मी म्हटलं. पण आधी फलक. त्यानं स्वतः ब्रश घेऊन आपलं नाव पुसलं आणि 'सुरय्या मुकादम, मनस्विनी पाध्ये' असं लिहिलं. मग मी उपाय सांगितला: खाणं बंद, चुन्याची निवळी आणि ताजं शेण. निवळी मी करून ठेवलेली होती. शेणासाठी तो मांडवातल्या रघूला हाक मारायला निघाला.

"रचनाकारानं स्वतः आणलेलं बरं," मी म्हटलं. "नीट पारखून."

गंगारामचा गोठा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. ओट्याओट्यावर माणसं बसलेली. वरद पांढऱ्या शर्टात घमेलं अंगापासून लांब धरून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. चाचीनं सोनेरी काठाचे कप काढले होते. स्टोव्हवरच्या चहाला रॉकेलचा किंचित वास होता. आम्ही दोघी पायरीवर बसून तो पीत होतो.

"झालं?" वरदनं विचारलं. कोपरापर्यंत तो शेणानं भरला होता.

चाचीनं उठून टाकीत डोकावून पाहिलं. "अजून दोन आण."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्या घमेल्यातच भागलं होतं. मी कपातला शेवटचा घोट घेतला आणि गोठ्याकडे बोट दाखवलं.