भिंतीपलीकडचं पाणी

सकाळपासून किनुए तिसऱ्यांदा खिडक्या पुसत होती. फडकं पिळलं की बादलीत पाण्याची धार लागे आणि तिची पाठ वळते न वळते तोच काचेवर पुन्हा ओघळ. घराला लागून जुनी हातमागाची खोली होती. तिच्यात तिच्या नवऱ्यानं, तोकुइचीनं, कोई जातीच्या रंगीत माशांसाठी भलंमोठं तळं बांधलं होतं. बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ, आत कोमट पाणी. त्याची सगळी वाफ घरात शिरे. सरकती दारं फुगून अडकत, गाद्यांच्या कपाटात बुरशी धरे, पितरांच्या देव्हाऱ्याची लाख पोपडे धरून सुटायला लागली होती.

तळ्याची खोली आणि घर यांच्यामध्ये भिंत अशी उरलीच नव्हती. तोकुइचीची मूळची तळी डोंगरावर होती. भूकंप झाला त्या संध्याकाळी बांध फुटले आणि त्याच्या वडलांच्या वेळेपासून जपलेले मासे चिखलात तडफडून मेले. तो वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वाचलेल्या चार माशांवर त्यानं पुन्हा संसार मांडला, पण यावेळी डोळ्यांआड नाही. मधली भिंत कमरेपर्यंत उतरवली. अंथरुणातून पाणी ऐकू आलं पाहिजे, म्हणाला. पंपाचा सूर जरा बदलला की जेवता जेवता हातातल्या जेवणाच्या काड्या टाकून उठायचा.

त्या दिवशी तो माशांचं खाद्य आणायला गावात गेला, तेव्हा किनुएनं तळ्यावरची दोन्ही झरोके उघडले. गार वारा आत आला तशी खोली धुक्यानं भरली. तिला समोरचं दिसेना. घाबरून ती झरोके लावायला स्टुलावर चढली, तोल सांभाळायला आढ्याच्या तुळईला धरलं, तर बोटं आत रुतली. हातात ओला भुसा आला. वर छपरावर चार दिवसांचा बर्फ होता.

तोकुइची परतला तो थेट पाण्यापाशीच गेला. मासे तळाशी एकमेकांना चिकटून बसले होते.

"झरोके कुणी उघडले?"

"मी. अहो, आधी वर बघा."

"पाणी गार झालंय, किनुए. मासे मारायचेत का तुला?"

"आणि छप्पर पडलं की वाचणारेत का ते? हात लावून बघा म्हणते ना."

त्यानं हात लावला नाही. हीटर वाढवला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. किनुएचा जीव आत ठरेना, बाहेर ठरेना. शेवटी तिनंच होशिनोला फोन केला. तो सुतार, तोकुइचीचा शाळासोबती. शिडी घेऊन आला, तुळईत पेचकस खुपसला. मुठीपर्यंत गेला.

"वहिनी, हिचा पार मऊ तोफू झालाय," तो म्हणाला. मग मित्राकडे वळला. "काय रे तोकु, बायकोला माशांबरोबर पोहायला शिकवलंयस का? अजून एक हिमवर्षाव, की सगळे एकाच तळ्यात."

तोकुइचीनं तेव्हा कुठे मान वर केली. भोकातून पाणी टपकत होतं. त्यानं फावडं उचललं आणि छपरावर चढला. होशिनोनं तुळईखाली टेकू लावले, तोवर वरून बर्फाचे ढीग धपाधप कोसळत राहिले. किनुए खाली उभी राहून, तो छपराच्या कडेच्या फार जवळ गेला की ओरडत होती.

पुढचा आठवडा खोलीत हातोडीचा आवाज होता. होशिनोनं तुळई बदलली. तोकुइचीनं बांबूची चौकट करून पाण्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणलं. उंचावरून पडणारी धार पाण्याखाली नेली, म्हणजे तुषार उडायला नकोत. दमट हवा सरळ बाहेर फेकणारा पंखा बसवला. खोलीची हवा पाण्यापेक्षा थोडी गरम ठेवायची, म्हणजे वाफ कमी निघते, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. इंधन वाचवायला तो इतकी वर्षं तसं करत नव्हता, एवढंच. राहिली भिंत.

"ही राहू दे," तो होशिनोला म्हणाला.

"मग बाकी सगळं केलं कशाला?"

तोकुइचीनं त्या उघड्या जागेतून एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा नव्या तुळईकडे. शेवटी पहिली फळी त्यानंच ठोकली. आतून प्लास्टिक, वरून फळ्या, सांधे बुजवलेले. एक दार ठेवलं, घट्ट बसणारं.

घर सुकू लागलं. दारं सरकायला लागली, काचेतून समोरचा डोंगर दिसायला लागला. पण घरातल्या शांततेनं तोकुइची बेचैन झाला. दहा वेळा उठायचा, दार उघडायचा, बघायचा, यायचा. चहा अर्धवट, बोलणं अर्धवट. तळ्यापाशी गादी टाकतो म्हणाला, तेव्हा किनुए एवढंच म्हणाली, "टाका. पण दार लावून घ्या." दोन रात्री तो तिथेच झोपला आणि खोकला घेऊन परतला.

एका दुपारी कोतात्सुच्या, म्हणजे रजई पांघरलेल्या बैठ्या गरम टेबलाच्या, उबेत पाय घालून बसल्या बसल्या त्याची मान कलली. किनुए मुळे चिरत होती. फळ्यांमधून पंपाची बारीक घरघर येत होती. भिंत झाल्यापासून तिलाही वाटत होतं, की काही ऐकू येत नाही. घरघर अडखळली. तिनं सुरी ठेवली, आवाज होऊ नये अशा बेतानं दार उघडलं, मागे लावलं. पंपाच्या जाळीला प्लास्टिकचा सुटा तुकडा चिकटला होता. बाही वर सारून तिनं कोमट पाण्यात हात घातला आणि तो ओढून काढला. चौकटीखालून एक मोठा तांबडा-पांढरा मासा वर आला, तिच्या मनगटाला तोंड लावून गेला.

ती परत आली तेव्हा तोकुइची जागा होता.

"दार वाजलं. कोण गेलं होतं?"

"मी. जाळीत तुकडा अडकला होता. काढला."

तो अर्धा उठला होता, तसाच थांबला. "तुला ऐकू आलं?"

"आलं. सगळे बरे आहेत. तो तांबडा जरा आगाऊ आहे."

तो दाराकडे बघत राहिला. मग हळूहळू पाय पुन्हा उबेत घेतले, आडवा झाला आणि थोड्या वेळानं घोरायला लागला. किनुएनं हात पुसले आणि उरलेले मुळे चिरायला घेतले.